सेलर्सला कसं आठवायचं?

22 जुलै 1980 च्या संध्याकाळी पीटर सेलर्स जुन्या मित्रांबरोबर जेवायला बसणार होता. स्पाइक मिलिगन, हॅरी सीकम आणि तो, 'द गून शो' या रेडिओ कार्यक्रमातले तिघे सोबती पुन्हा एकत्र येणार होते. त्याच दुपारी लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि 24 जुलैला मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये तो गेला. वय 54. गोल्डर्स ग्रीनच्या स्मशानगृहात अंत्यविधीच्या वेळी ग्लेन मिलरची 'इन द मूड' ही धून वाजली. ती त्याला मुळीच आवडत नसे, म्हणूनच ती वाजवावी अशी त्याची इच्छा होती. 8 सप्टेंबरला, तो 55 वर्षांचा झाला असता त्या दिवशी, सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये स्मरणसभा झाली. तिथलं श्रद्धांजलीचं भाषण डेव्हिड निव्हननं केलं.

इथवर सगळं सरळ आहे. त्यानंतर मात्र सेलर्सला कसं आठवायचं हाच वादाचा विषय झाला. 2025 मध्ये त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तरी तो वाद मिटलेला नाही. खरं तर हे तीन-चार वाद आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. त्याच्या खाजगी आयुष्याबद्दल जे बाहेर आलं, त्यानं त्याच्या कामाकडे बघण्याची दृष्टी किती बदलावी? त्याची कला नेमकी कुठून आली? त्यानं रंगवलेल्या भारतीय माणसांचं आज काय करायचं? आणि मेलेल्या नटाच्या पडद्यावरच्या अस्तित्वावर हक्क कुणाचा? मराठी वाचकाला यातला तिसरा प्रश्न सगळ्यात जवळचा वाटेल. पण पहिले दोन समजल्याशिवाय तो नीट कळत नाही.

नाटकवाल्यांचं पोर

सेलर्सचा जन्म 8 सप्टेंबर 1925 चा, पोर्ट्समथजवळच्या साउथसीचा. खरं नाव रिचर्ड हेन्री. त्याच्या आधी जन्मतःच दगावलेल्या भावाचं नाव पीटर होतं आणि घरात यालाही त्याच नावानं हाक मारू लागले. आई-वडील दोघंही व्हरायटी थिएटरवर पोट भरणारे, गावोगाव फिरणारे. आई पेग ज्यू घराण्यातली होती आणि आपण अठराव्या शतकातला प्रसिद्ध मुष्टियोद्धा डॅनिएल मेंडोझा याचे वंशज आहोत हे ती अभिमानानं सांगायची. मुलाचं शिक्षण झालं कॅथलिक शाळेत. आईच्या अतोनात मायेत वाढलेला हा एकुलता मुलगा आधी ड्रम वाजवायला शिकला आणि मग लोकांच्या नकला करू लागला.

दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात गेला. राल्फ रीडर यांच्या 'गँग शो' या सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकातून तो भारत, सिलोन आणि ब्रह्मदेशात फिरला. या काळात तो अधिकाऱ्यांचे गणवेश चढवून, खोट्या मिशा लावून, कधी शीख अधिकाऱ्याचं सोंग घेऊन मेसमध्ये बिनदिक्कत शिरायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात. युद्धानंतर लंडनच्या विंडमिल थिएटरात त्यानं काम केलं. पण खरं दार उघडलं ते 1948 मध्ये टेलिफोनवरून. बीबीसीचे निर्माते रॉय स्पीअर भेट देत नव्हते, तेव्हा त्यानं त्या काळच्या केनेथ हॉर्न आणि रिचर्ड मर्डॉक या दोन लोकप्रिय रेडिओ कलावंतांच्या आवाजात त्यांना फोन केला आणि 'तो सेलर्स नावाचा पोरगा चांगला आहे' अशी स्वतःचीच शिफारस केली. मग खरं काय ते सांगूनही टाकलं. काम मिळालं.

'द गून शो' 1951 ते 1960 चालला. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन आपल्या अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश हिंदी लष्करात असल्यामुळे 1918 मध्ये तो तिथे जन्मला आणि त्याचं बालपण पुण्यात आणि रंगूनला गेलं. ब्रिटिश विनोदाचं वळण बदलणाऱ्या या कार्यक्रमाची एक मुळी लष्करी छावण्यांच्या हिंदुस्थानात होती, हे इंग्लंडमधल्या समीक्षकांकडून फारसं ठसवून सांगितलं जात नाही. कार्यक्रमातला लाचखाऊ, पळपुटा मेजर ब्लडनॉक हा साम्राज्याच्या मावळतीचा पुतळाच आहे. त्याला आवाज सेलर्सचा. किरट्या ब्लूबॉटलचा, थरथरत्या हेन्री क्रनचा आणि गोडबोल्या ठग ग्रिटपाइप-थिनचाही आवाज त्याचाच. लालकाका आणि बॅनर्जी या दोन हिंदी पात्रांचे संवादही सेलर्स आणि मिलिगन यांच्या तोंडी असत. पुढच्या वादाचं बी इथेच पडलेलं दिसतं.

'आत कोणी नाही'

सेलर्सबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी की त्याला स्वतःचं असं व्यक्तिमत्त्वच नव्हतं. ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा हात मोठा आहे. 1978 मध्ये 'द मपेट शो'मध्ये कर्मिट बेडूक त्याला मोकळेपणानं स्वतःसारखं वागायला सांगतो, तेव्हा तो उत्तर देतो की तसा 'मी' आता उरलेलाच नाही. मुलाखतींतूनही तो हेच फिरवून फिरवून सांगत असे.

त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच दोन पुस्तकं आली. अलेक्झांडर वॉकरचं अधिकृत चरित्र सहानुभूतीनं लिहिलेलं आहे. मुलगा मायकेलचं पुस्तक मुलाच्या नजरेतून बापाचे रागलोभ सांगतं. पुढे 1994 मध्ये रॉजर लुइसचं प्रचंड चरित्र आलं आणि वादाला धार चढली. लुइसचा सेलर्स हा जवळजवळ राक्षस आहे: बायकांना छळणारा, मुलांना खेळण्यांनी न्हाऊ घालून दुसऱ्या क्षणी झिडकारणारा, सेटवर सहकलाकारांना नकोसं करणारा. दुसरी बायको ब्रिट एकलंड आणि मुलं यांनी वेळोवेळी जे सांगितलं, त्यातून या चित्राला बराच आधार मिळतो. मृत्युपत्रही बोलकं आहे. मालमत्तेचा जवळजवळ सगळा वाटा चौथी बायको लिन फ्रेडरिक हिला गेला आणि मुलांच्या हाती किरकोळ रकमा आल्या. 2002 मध्ये एड सिकोव्हनं लिहिलेलं चरित्र अधिक तोलून लिहिलेलं आहे, पण माणसाबद्दलचे मूळ आरोप तेही खोडत नाही. लुइसच्या पुस्तकावर 2004 मध्ये चित्रपट झाला. त्यात जेफ्री रश सेलर्सचीच नव्हे, तर सेलर्सच्या आयुष्यातल्या इतर माणसांचीही सोंगं घेतो. त्यामुळे 'आत कोणी नाही' ही कल्पना पडद्यावरही पक्की झाली.

या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून 'बीइंग देअर'कडे बोट दाखवलं जातं. यर्झी कोसिन्स्कीची ही कादंबरी 1970 मध्ये आली आणि आपण त्यातला चान्स व्हावं याचा सेलर्सला ध्यास लागला. चान्स हा माळी. आयुष्यभर एका घरात राहिलेला, बाग आणि टीव्ही यांपलीकडे काही ठाऊक नसलेला. वॉशिंग्टनमधले बडे लोक त्याच्या साध्या बोलण्यात गहन अर्थ शोधतात. हॅल अ‍ॅशबीनं 1979 मध्ये चित्रपट केला आणि सेलर्सला गोल्डन ग्लोब मिळाला. ऑस्करचं नामांकन होतं, बक्षीस डस्टिन हॉफमनला गेलं. रिकाम्या माणसाची भूमिका रिकाम्या नटानं केली, म्हणून ती इतकी उत्तम झाली, असा हा युक्तिवाद आहे.

दुसरी बाजू म्हणते की या गोष्टीत कारागीर हरवतो. चान्सचा आवाज आपोआप आलेला नाही. सेलर्सनं तो बराच काळ शोधला आणि त्यात त्याला फार प्रिय असलेल्या स्टॅन लॉरेलची छटा मिसळली. कुठलीही भूमिका तो आधी कानानं पकडे. 'लोलिता'मधल्या क्विल्टीसाठी दिग्दर्शक कुब्रिकनं त्याला जॅझ संगीताचे निर्माते नॉर्मन ग्रांझ यांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'च्या सेटवर फोटो काढायला आलेला वीजी हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार बोलू लागला आणि सेलर्सनं त्याच्याच चिरक्या, परदेशी वळणाच्या आवाजातून स्ट्रेंजलव्ह उभा केला. त्याच चित्रपटात तीन भूमिकांखेरीज तो चौथीही करणार होता, पण टेक्सासचा उच्चार साधत नाही या धास्तीनं तो कासावीस झाला. मग घोटा दुखावला आणि मेजर काँगची भूमिका स्लिम पिकन्सकडे गेली. उच्चार जमला नाही तर माणूस जमणार नाही, असं मानणाऱ्या नटाला पोकळ म्हणणं मला पटत नाही.

माझा कल उघडच दुसऱ्या बाजूकडे आहे. आपल्याकडे बहुरूपी दारात पोलीस होऊन येतो, तेव्हा घरधनी सोंग किती हुबेहूब वठलं ते पाहतो आणि त्याचे पैसे देतो. सोंगाच्या आत कोण आहे हे विचारायला त्याला कारण नसतं. पण दुसऱ्या बाजूचीही एक अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे. सेलर्सनं ज्यांना दुखावलं ती माणसं खरी होती, आणि 'कलावंत असाच असतो' ही सबब त्यांच्या तोंडावर फेकता येत नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवावेत की एकत्र मांडावेत, यावर त्याच्या अभ्यासकांत आजही एकमत नाही.

चित्रपटांची तोलणी

कामाच्या मूल्यमापनात मतभेद आहेत, पण त्यांत कटुता कमी आहे. ब्रिटिश समीक्षकांचा मोठा गट 1955 ते 1964 हा काळ सोन्याचा मानतो. 'द लेडीकिलर्स'मध्ये तो आपला आदर्श अ‍ॅलेक गिनेस याच्याबरोबर काम करत कोपऱ्यातून शिकत होता. 1959 चा 'आय'म ऑल राइट जॅक' हा त्याचा पहिला मोठा ठसा. कामगार पुढारी फ्रेड काइट. तंग कोट, ओठांवर हिटलरी मिशी, रशियाबद्दल भाबडं प्रेम आणि इंग्रजी भाषेचे नियम पाळण्याची केविलवाणी धडपड. भूमिकेत विनोदी वाक्यं नाहीत म्हणून तो ती घ्यायला तयार नव्हता. पण चाचणीच्या वेळी सेटवरचे कामगारच हसू लागले. ही भूमिका कामगार संघटनांची बदनामी आहे की वर्गसमाजाच्या मधोमध अडकलेल्या माणसाचं करुण चित्र, यावर तेव्हाही दोन तट होते. बाफ्टानं त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम ब्रिटिश अभिनेता ठरवलं.

जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात मात्र सेलर्स म्हणजे इन्स्पेक्टर क्लूझो. गंमत म्हणजे 1963 च्या 'द पिंक पँथर'मध्ये ही भूमिका पीटर उस्तिनोव्ह करणार होता. तो ऐनवेळी बाजूला झाला आणि सेलर्स आला. पहिल्या चित्रपटात क्लूझोचा फ्रेंच ढंग सौम्य आहे. पुढे तो इतका वाढत गेला की फ्रेंच माणसांनाही त्याचं बोलणं कळेनासं झालं आणि त्यातूनच निम्मे विनोद होऊ लागले. पडणं, धडकणं, कपडे अडकणं हे सगळं आहेच, पण क्लूझोचा खरा विनोद त्याच्या न ढळणाऱ्या प्रतिष्ठेत आहे. तलावात पडून बाहेर आलेला माणूस जणू काही पोहायलाच गेला होता अशा चेहऱ्यानं चालू लागतो. हर्बर्ट लोमचा वेडावत जाणारा साहेब ड्रेफस आणि बर्ट क्वोकचा नोकर केटो यांच्याशिवाय ही मालिका उभी राहिली नसती.

1964 च्या एप्रिलमध्ये, बिली वाइल्डरच्या चित्रपटाचं काम चालू असताना, त्याला लागोपाठ हृदयविकाराचे झटके आले आणि तो मरता मरता वाचला. तिथून 1975 पर्यंतचा काळ बहुतेक चरित्रांत 'उतरणीचा' म्हणून उरकला जातो. 'कसिनो रॉयल' अर्धवट सोडणं, सायप्रसमध्ये चित्रित झालेल्या एका समुद्री चाच्यांच्या विनोदी चित्रपटाचा बोजवारा उडणं हे सगळं खरं आहे. त्या सायप्रसच्या चित्रपटाचे दिग्दर्शक पीटर मेडक यांनी चार दशकांहून अधिक काळानं, 2018 मध्ये, त्यावर स्वतःच वेदनामय माहितीपट केला. पण याच वर्षांत 'द ऑप्टिमिस्ट्स ऑफ नाइन एल्म्स' हा रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या म्हाताऱ्याचा चित्रपट आहे. तो फार थोड्यांनी पाहिलाय आणि मला तो 'बीइंग देअर'च्या आसपासचा वाटतो. 1970 च्या 'हॉफमन'मध्ये कुठलंही सोंग नसलेला, जवळजवळ उघडा सेलर्स दिसतो. तो त्याला स्वतःलाच इतका नकोसा झाला की चित्रपटाची मूळ प्रत विकत घ्यावी असं त्याच्या मनात होतं.

डॉक्टर कबीर, मिस्टर बक्षी

1960 च्या 'द मिल्यनेअरेस'मध्ये बर्नार्ड शॉच्या नाटकातला इजिप्शियन डॉक्टर भारतीय झाला आणि तपकिरी रंग फासलेला सेलर्स सोफिया लॉरेनसमोर उभा राहिला. हा डॉक्टर अहमद अल कबीर गरिबांची सेवा करणारा, स्वाभिमानी आहे. जगातली सर्वांत श्रीमंत बाई त्याच्या मागे लागते आणि तो तिला नकार देत राहतो. त्या काळच्या ब्रिटिश चित्रपटात भारतीय पुरुष नायक असणं दुर्मीळच होतं. पण लोकांच्या लक्षात चित्रपट राहिला नाही, राहिलं ते 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं. ते चित्रपटात नाहीच. जाहिरातीसाठी जॉर्ज मार्टिननं मुद्दाम ध्वनिमुद्रित केलेली ती तबकडी होती. ती ब्रिटनच्या पहिल्या पाचांत गेली आणि त्या उच्चाराची नक्कल घरोघर पोचली.

1968 चा 'द पार्टी' हा क्लूझोचे चित्रपट करणाऱ्या ब्लेक एडवर्ड्सचा. हृंडी बक्षी हा हॉलिवुडमध्ये धडपडणारा भारतीय नट. सेटवर घोटाळा घातल्यामुळे खरं तर त्याला काळ्या यादीत टाकायचं असतं, पण चुकून त्याचं नाव पार्टीच्या आमंत्रितांत जातं. पटकथा अगदी त्रोटक होती आणि बहुतेक प्रसंग सेटवरच सुचत, घडत गेले. लागलेला चिखल धुता धुता हरवलेला बूट, जेवणाच्या टेबलापाशी ठेंगणी खुर्ची, शौचालयातला न थांबणारा पाण्याचा लोट, पक्ष्याला दाणे घालणं: यातला एकेक प्रसंग शारीरिक विनोदाचा वस्तुपाठ आहे, यावर वाद करणारा मला अजून भेटलेला नाही.

वाद आहे तो चेहऱ्याला फासलेल्या रंगाचा आणि उच्चाराचा. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गोऱ्या नटानं तपकिरी रंग लावून तपकिरी माणसाच्या बोलण्यावर हशा मिळवला. ती भूमिका करू शकणारा भारतीय नट नव्हता, ही सबब चालणार नाही. शशी कपूर तोवर मर्चंट-आयव्हरींच्या 'द हाउसहोल्डर' आणि 'शेक्सपिअर वाला'मध्ये इंग्रजीतून काम करून गेला होता. पण त्याहून खोल जखम शाळांच्या मैदानांवर झाली. ब्रिटनमध्ये वाढलेल्या दक्षिण आशियाई मुलांच्या एका पिढीला सेलर्सच्या आवाजात चिडवलं गेलं. संजीव भास्कर, मीरा स्याल, नीना वाडिया आणि कुलविंदर घीर यांनी आधी रेडिओवर आणि 1998 पासून टीव्हीवर स्वतःचा विनोदी कार्यक्रम आणला, तेव्हा त्याला त्या तबकडीचंच नाव दिलं. ज्या शब्दांनी चिडवलं जाई, तेच त्यांनी आपल्या नावावर करून घेतले.

हा आवाज अटलांटिकपलीकडेही गेला. 'द सिम्पसन्स'मधल्या दुकानदार अपूला आवाज देणारा हँक अझारिया यानं बक्षीचा प्रभाव जाहीरपणे मान्य केला आहे. 2017 मध्ये हरी कोंडाबोलूच्या माहितीपटानंतर त्या पात्राबद्दल मोठा वाद झाला आणि 2020 मध्ये अझारियानं तो आवाज देणं बंद केलं. त्या पात्राचं नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून ठेवलेलं. एका कार्टूनमधल्या दुकानदाराला नाव राय यांच्याकडून आणि बोलणं सेलर्सकडून मिळावं, यात या सगळ्या गुंत्याची गाठ दिसते.

बचाव करणाऱ्यांचं म्हणणंही पोकळ नाही. त्या पार्टीत सभ्य माणूस एकच आहे आणि तो बक्षी. चित्रपटाची टिंगल आहे ती हॉलिवुडच्या दांभिक, माजोरी जगाची. ज्या तरुणीला तिथला निर्माता त्रास देत असतो, तिच्याशी आपुलकीनं वागणारा बक्षीच. तो हास्यास्पद होतो, पण नीच होत नाही आणि कुणासमोर वाकतही नाही. भारतात हा चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या आवडीनं पाहिला गेला आहे, हेही या बाजूचे लोक सांगतात.

या वादात राय यांचं नाव दुसऱ्याही कारणानं येतं. 1967 मध्ये राय 'द एलियन' या इंग्रजी चित्रपटाच्या तयारीत होते. बंगालच्या खेड्यात परग्रहावरचा जीव येतो अशी ती कथा. त्यातल्या मारवाडी व्यापाऱ्यासाठी त्यांनी निवडलं सेलर्सला. दोघांच्या भेटीही झाल्या. पुढे सेलर्स बाजूला झाला, कोलंबिया या चित्रपट कंपनीशी जुळलेली बोलणी विस्कटली आणि चित्रपट झालाच नाही. भारतीय वास्तव इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या राय यांना गोऱ्या नटानं मारवाडी होण्यात अडचण वाटली नाही, हा मुद्दा बचावाच्या बाजूचे लोक मांडतात. दुसरी बाजू म्हणते की 1967 चा निर्णय 1967 च्या पर्यायांतून झाला आणि तो आजच्या प्रश्नाचं उत्तर होऊ शकत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. 1984 मध्येसुद्धा डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टु इंडिया'त प्राध्यापक नारायण गोडबोले झाला तो अ‍ॅलेक गिनेसच, सेलर्सचा आदर्श. मराठी प्रेक्षकांपैकी कित्येकांना तो गोडबोले बक्षीपेक्षा जास्त खटकला असेल. बक्षी निदान विनोदी चित्रपटातला होता, गोडबोलेला गंभीरपणे घ्यायचं होतं.

मराठी कानांनी ऐकलं तर बक्षीचं बोलणं कुठल्याच प्रांताचं नाही. ते पंजाबी नाही, बंगाली नाही, आपल्याकडचं तर नाहीच. हृंडी हे नाव कुण्या भारतीयाचं असल्याचं ऐकिवात नाही. क्लूझोच्या फ्रेंचसारखंच हेही सेलर्सनं मनाशी रचलेलं बोलणं आहे. पण फ्रेंच मुलांना लंडनच्या शाळेत क्लूझोच्या नावानं मार बसत नव्हता. म्हणून दोन्ही सोंगं एका मापानं मोजता येत नाहीत. बक्षीवर मी मनापासून हसतो आणि ज्यांना त्या आवाजानं बालपणी छळलं त्यांनी हसू नये हेही मला समजतं. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, याचं समाधानकारक उत्तर मी आजवर कुठल्याच बाजूकडून वाचलेलं नाही. चिनी खलनायक झालेला सेलर्स मात्र फारसा कुणी राखून ठेवू पाहत नाही. मृत्यूनंतर काही दिवसांतच प्रदर्शित झालेला त्याचा 'फू मांचू' वरचा चित्रपट विनोद म्हणूनही उभा राहत नाही, त्यामुळे त्याच्या बाजूनं लढायला कुणी उरलं नाही.

मेल्यावरचा क्लूझो

1982 मध्ये 'ट्रेल ऑफ द पिंक पँथर' आला. त्यात सेलर्स मुख्य भूमिकेत होता आणि तो जाऊन दोन वर्षं झाली होती. ब्लेक एडवर्ड्सनं आधीच्या चित्रपटांतून कापून टाकलेले तुकडे जोडून अर्धा चित्रपट उभा केला. पुढे क्लूझो बेपत्ता होतो आणि एक वार्ताहर त्याला ओळखणाऱ्यांच्या मुलाखती घेत फिरते. एडवर्ड्सच्या दृष्टीनं ही आदरांजली होती. न वापरलेले प्रसंग उत्तम होते आणि ते प्रेक्षकांपर्यंत जायला हवेत, असं त्याचं म्हणणं. लिन फ्रेडरिक आणि सेलर्सच्या मालमत्तेचे व्यवस्थापक यांना तो नटाच्या नावाचा गैरवापर वाटला. ते युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीविरुद्ध लंडनच्या न्यायालयात गेले.

निकाल महत्त्वाचा ठरला. कलावंताच्या परवानगीशिवाय त्याचा प्रयोग वापरणं हा ब्रिटिश कायद्यात तोवर फौजदारी गुन्हा होता. न्यायालयानं सांगितलं की कलावंताला दिवाणी दावाही लावता येतो आणि परवानगी देण्या-न देण्याचा हक्क मृत्यूनंतर त्याच्या प्रतिनिधींकडे जातो. दहा लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि अपिलातही निकाल टिकला. 1988 च्या कॉपीराइट कायद्यात कलावंतांचे हक्क स्वतंत्रपणे लिहिले गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज घेणाऱ्या नटाच्या नावावर हा निकाल जमा झाला आहे.

पण तो निकाल प्रत्यक्ष चित्रित झालेल्या तुकड्यांपुरता होता. आज जुन्या ध्वनिमुद्रणांवरून संगणक मेलेल्या माणसाचा आवाज नव्यानं घडवू शकतो, तेव्हा कापून टाकलेल्या फिल्मची गरजच उरत नाही. आपल्याकडे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग याच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेला अंतरिम मनाई केली, पण तो हयात आहे. त्याआधी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सुशांत सिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात असे हक्क माणसाबरोबरच संपतात, अशी भूमिका घेतली होती. सेलर्सचा आवाज उद्या कुणी बनवलाच, तर त्यातला सेलर्सचा किती, वीजीचा किती आणि स्टॅन लॉरेलचा किती, हाही प्रश्न उभा राहील.

काय सापडलं, काय हरवलं

अलीकडच्या वर्षांत चर्चेचा रोख माणसाकडून पुन्हा कामाकडे वळू लागला आहे आणि त्याचं श्रेय बरंचसं संग्रहालयांना जातं. त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेला, मार्सेल पान्योलच्या नाटकावरचा 'मिस्टर टोपाझ' 1961 मध्ये पडला आणि जवळजवळ नाहीसा झाला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं उरलेल्या प्रतींवरून तो पुन्हा उभा केला. त्यातला प्रामाणिक मास्तर पाहिला की सेलर्सचं पुढचं आयुष्य वेगळ्या वळणावरही गेलं असतं असं वाटून जातं. 1957 मध्ये केलेले दोन लघुपट लंडनच्या एका कार्यालयाबाहेरच्या कचऱ्यात सापडले आणि 2014 मध्ये साउथएंडच्या महोत्सवात दाखवले गेले. त्यानं घरी चित्रित केलेली असंख्य रिळं 1995 च्या बीबीसी माहितीपटात वापरली गेली. त्यांत कॅमेरामागचा, स्वतःच्या मुलांना हसवणारा माणूस दिसतो, लुइसच्या पुस्तकातल्यापेक्षा बराच वेगळा.

सर्वांत मोठी पोकळी आहे ती रेडिओची. 'गून शो'च्या पहिल्या काही मालिकांचे बहुतेक भाग जपले गेले नाहीत, आज ते ऐकायला मिळत नाहीत. सेलर्सची कला कानातून आली असं आपण म्हणतो, पण तो कान जिथे तयार झाला त्या सुरुवातीच्या वर्षांचा पुरावा तुटपुंजा आहे. ब्लडनॉक आणि ब्लूबॉटल घडत कसे गेले, लालकाका-बॅनर्जींचं बोलणं सुरुवातीला कसं होतं, अहमदनगरच्या मिलिगननं त्यात काय घातलं आणि हवाई दलाच्या मेसमध्ये ऐकलेलं सेलर्सनं काय आणलं, हे आज लिखित संहितांवरून अंदाजानंच सांगावं लागतं. त्या संहितांचा, विशेषतः त्यांतल्या हिंदी पात्रांचा, भारतीय अभ्यासकानं केलेला सविस्तर अभ्यास अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.